शुक्रवारचं स्टँडर्ड कुणी संपवलं? मॅजिक खेळणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ उतरणीला लागलाय आणि त्याला अमुकच जबाबदार आहे, हा वाद आपल्यात आता जुना झाला. आरोपीही ठरलेले आहेत. कुणी मालक कंपनी हॅस्ब्रोचं नाव घेतं, कुणी 'अरीना' या खेळाच्या ऑनलाइन रूपाचं, कुणी 'कमांडर' हा प्रकार खेळणाऱ्यांचं, कुणी खोके दाबून ठेवणाऱ्यांचं, आणि कुणीच सापडलं नाही की दुकानदाराचं. वाद थांबवा असं सांगायला आम्ही हे लिहीत नाही. वाद जरूर व्हावा, पण तारखा, कार्डं आणि आकडे समोर ठेवून व्हावा. खापर चुकीच्या डोक्यावर फुटलं की दुरुस्तीही चुकीच्या जागी होते, आणि आपण गेली काही वर्षं नेमकं तेच करत आलोय.

आधी एक गोष्ट पक्की करू: घसरण नक्की कशाची झाली? विक्रीची नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू झालेल्या या खेळाची वर्षाची उलाढाल २०२२ मध्ये १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. २०२५ मधला 'फायनल फँटसी'चा सेट (कार्डांचा नवा संच) तर आजवरचा सर्वाधिक खपाचा ठरला. ओस पडलं ते शुक्रवारी संध्याकाळी दुकानात लागणारं स्टँडर्डचं, म्हणजे फक्त अलीकडच्या सेटमधली कार्डं चालणाऱ्या प्रकाराचं, टेबल. १९९५ पासून, म्हणजे त्याला 'टाइप टू' म्हणत तेव्हापासून, हाच प्रकार खेळाचा कणा होता. नवा माणूस इथूनच आत यायचा, जुना माणूस कार्डं इथंच खपवायचा, नव्या सेटला गिऱ्हाईक इथंच मिळायचं. तेव्हा 'मॅजिक मेलं' असं मोघम म्हणण्यात अर्थ नाही. कोणतं टेबल, कोणत्या साली रिकामं झालं, ते बोलू.

स्टँडर्डचा डेक, म्हणजे खेळायची गड्डी, हा मुदतीचा माल आहे. किमान ६० कार्डांचा डेक, १५ कार्डांपर्यंतचा साइडबोर्ड (डावांच्या मध्ये बदलायची राखीव कार्डं), साध्या लँड सोडल्या तर एका कार्डाच्या जास्तीत जास्त ४ प्रती, आणि ठरलेल्या वेळी जुने सेट रोटेशनमध्ये बाहेर. हे घेताना सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते. दोन वर्षं खेळता येईल (२०२३ पर्यंत मुदत तेवढीच होती), मग किंमत उतरेल, हा व्यवहार सरळ आहे. पण मुदतीच्या मालाचा सगळा व्यवहार मुदतीवरच्या विश्वासावर चालतो. दुधाच्या पिशवीवर तारीख छापलेली असते म्हणून आपण ती डोळे झाकून उचलतो. २०१७ ते २०२० या चार वर्षांत कंपनीने ही तारीख बेभरवशाची केली. आमच्या मते मूळ कारण हे, आणि बाकीची बरीचशी कारणं याच्या पोटातली.

हा विश्वास किती पैशांचा असतो ते एका हिशेबाने पाहा. ऑक्टोबर २०१९ च्या 'थ्रोन ऑफ एल्ड्रेन' सेटमध्ये ५३ रेअर (दुर्मीळ) आणि १५ मिथिक (त्याहून दुर्मीळ) कार्डं होती. प्रत्येक रेअर मिथिकच्या दुप्पट छापली जाते, आणि एका पॅकमध्ये (कार्डांच्या बंद पाकिटात) या दोन्हींपैकी साधारण एकच असायचं. म्हणजे दर १२१ पॅकमागे प्रत्येक रेअर सरासरी दोनदा आणि प्रत्येक मिथिक एकदा. तुम्हाला हवं असलेलं ठरावीक मिथिक १२१ पॅकमध्ये एक. त्याच्या ४ प्रती पॅक फोडूनच मिळवायच्या ठरवल्या तर सरासरी ४८४ पॅक लागतात, आणि ३६ पॅकचा बॉक्स धरला तर ते १३ बॉक्सहून जास्त होतात. याउलट त्याच सेटमधली १०१ कॉमन, म्हणजे सर्रास मिळणारी, कार्डं घ्या. पॅकमध्ये १० कॉमन, म्हणजे एका बॉक्समध्ये प्रत्येक कॉमनच्या साडेतीन प्रती. अनकॉमन ८०, पॅकमध्ये ३, म्हणजे बॉक्समागे प्रत्येकी सव्वाहून थोड्या जास्त. डेकच्या खर्चाचा बोजा कुठे पडतो ते यावरून दिसतं: चार-आठ मिथिक आणि रेअर कार्डांवर. ती कुणी पॅक फोडून गोळा करत नाही, सुटी विकत घेतो. आपल्याकडे ती बाहेरून मागवायची तर वर टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी. आणि बॅन होतात, म्हणजे ज्यांच्यावर खेळायला बंदी येते, ती बऱ्याचदा याच वर्गातली, कारण डेकला जोर त्यांचाच असतो.

आता बॅनचा इतिहास बघा. जून २००४ मध्ये 'स्कलक्लॅम्प' गेलं. मार्च २००५ मध्ये 'मिरोडिन'च्या ॲफिनिटी डेकची ८ कार्डं एकदम गेली. त्यानंतर थेट जून २०११, तेव्हा 'जेस, द माइंड स्कल्प्टर' आणि 'स्टोनफोर्ज मिस्टिक'. मग पुन्हा साडेपाच वर्षं काहीच नाही. त्या काळात स्टँडर्डमध्ये आलेल्या कुणालाही बॅन म्हणजे वडीलधाऱ्यांनी सांगितलेली दुष्काळाची गोष्ट वाटायची. डेक घेतला की रोटेशनपर्यंत तो आपला.

जानेवारी २०१७ मध्ये हे बदललं. आपल्या दृष्टीने वाईट याचं की बदललं ते 'कलादेश'पासून. भारतीय वळणाचं नाव, भारतीय वळणाचे पेहराव आणि पात्रं असलेला हा पहिला मोठा सेट, आणि बॅनची माळ त्याच्याच काळात लागली. जानेवारीत तीन कार्डं गेली: 'एमराकुल, द प्रॉमिस्ड एन्ड', 'स्मगलर्स कॉप्टर', 'रिफ्लेक्टर मेज'. त्याच सुमाराला आलेल्या 'एथर रिव्होल्ट' सेटमध्ये 'फेलिडार गार्डियन' नावाचं चार मानाचं (माना म्हणजे कार्ड टेबलावर आणायला लागणारी शक्ती) मांजर होतं. ते टेबलावर आलं की आपलंच दुसरं एखादं कार्ड क्षणभर बाहेर काढून परत आणायचं. तिकडे 'कलादेश'मधली 'साहिली राय' दोन लॉयल्टी (अशा पात्राच्या कार्डावरचे गुण) खर्चून आपल्या प्राण्याची नक्कल करायची. तिसऱ्या टर्नला साहिली, चौथ्याला मांजर. साहिलीने मांजराची नक्कल करायची, नकली मांजराने साहिलीला बाहेर काढून ताजी करून आणायचं, ताज्या साहिलीने पुन्हा नक्कल. हवी तेवढी मांजरं तयार, सगळी त्याच टर्नला हल्ला करू शकणारी, आणि डाव चौथ्या टर्नला खलास. दोन्ही कार्डं लागोपाठच्या सेटमधली, तरीही ही जोडी आपल्या नजरेतून सुटली, असं कंपनीनेच नंतर मान्य केलं.

यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. २४ एप्रिल २०१७ च्या जाहीर यादीत स्टँडर्डमध्ये काहीही बदल नव्हता. म्हणजे मांजर सुरक्षित. ते वाचून ज्यांनी सोमवारी डेक पुरा केला, त्यांना २६ एप्रिलला, बुधवारी, पुरवणी जाहीर करून सांगितलं गेलं की मांजर बॅन. बॅनचा निर्णय बरोबरच होता. पण जाहीर केलेली यादी पुढच्या तारखेपर्यंत पाळली जाते, हा भरवसा त्या ४८ तासांत तुटला. मग जूनमध्ये 'एथरवर्क्स मार्व्हल', जानेवारी २०१८ मध्ये आणखी चार. एका वर्षात नऊ.

दुसरी लाट याहून मोठी. 'थ्रोन ऑफ एल्ड्रेन'मधला ओको आठवतोय ना? तीन मानाचा, लॉयल्टी ४, आणि पहिल्याच वापरात ती ६ वर जायची. पहिल्या टर्नला 'गिल्डेड गूज' पडलं असेल तर हा दुसऱ्याच टर्नला टेबलावर. त्याची एक क्षमता वापरली की समोरच्याचा कोणताही प्राणी किंवा आर्टिफॅक्ट बिनगुणाचा ३/३ (ताकद ३, जीव ३) सांबर व्हायचा. समोरच्याने सहा मानाचा ड्रॅगन आणला काय आणि दोन मानाचं अस्वल आणलं काय, सारखंच. नोव्हेंबर २०१९ मधल्या रिचमंडच्या मिथिक चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धेत दोन तृतीयांशांहून जास्त डेकमध्ये ओको होता. त्याची रचना उशिरा बदलली गेली आणि विरोधकाच्या कार्डांवर तो किती भारी पडेल याचा पुरेसा विचार झाला नाही, हे कंपनीच्या चमूने नंतर लिहून कबूल केलं. २१ ऑक्टोबर २०१९ ते १२ ऑक्टोबर २०२०, वर्षाला नऊ दिवस कमी, आणि स्टँडर्डमधून १४ कार्डं बॅन. शेवटच्या खेपेतला 'ऑमनाथ, लोकस ऑफ क्रिएशन' हा ज्या 'झेंडिकार रायझिंग'मध्ये आला, तो कागदी सेट बाजारात येऊन १७ दिवस झाले होते. इतक्या दिवसांत बाहेरून मागवलेलं पाकीट आपल्या दारात पोचेलच याची खात्री नसते.

जे म्हणतात की दोष कार्डं बनवणाऱ्यांचा, ते अर्धे बरोबर आहेत. ताकद वाढवायची आणि ताकदीला उतारा देणारी कार्डं कमकुवत ठेवायची, हे 'कलादेश'च्या काळात ठळक दिसलं. पण चुका पूर्वीही व्हायच्या. १९९८-९९ च्या हिवाळ्यात 'अर्झाज सागा' सेटमधल्या अतिताकदीच्या कार्डांमुळे काय झालं ते जुने लोक विसरलेले नाहीत. तेव्हा टेबल सावरलं, कारण ते पुन्हा भरण्याची व्यवस्था जाग्यावर होती. यावेळी चूक आणि व्यवस्थेची मोडतोड एकाच वेळी झाली. खरं घोडं इथं पेंड खातं, आणि आपल्या वादात नेमकी याचीच चर्चा होत नाही.

ती व्यवस्था म्हणजे शिडी. शुक्रवारच्या टेबलावर तयारी करायची, मग दुकानातच होणाऱ्या प्राथमिक पात्रता फेरीत, म्हणजे पीपीटीक्यूमध्ये उतरायचं, तिथे जिंकलं तर विभागीय फेरी, आणि तिथून प्रो टूर, म्हणजे व्यावसायिकांची सर्वांत वरची स्पर्धा. लाखात एखादाच वरपर्यंत जायचा, हे खरं. पण बाकीचे त्याच शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं आनंदाने खेळत राहायचे, कारण पायरी वर जाते हे दिसत होतं. ही दुकानातली पायरी २०१८-१९ मध्ये काढून घेतली. डिसेंबर २०१८ मध्ये घोषणा झाली 'मॅजिक प्रो लीग'ची: निवडक ३२ खेळाडू, प्रत्येकाला ७५,००० डॉलरचा करार, आणि भर 'अरीना'वर. प्रो टूरचं नाव आधी मिथिक चॅम्पियनशिप झालं, मग प्लेयर्स टूर, मग आणखी काही. मे २०२१ मध्ये ही लीगही गुंडाळत असल्याचं सांगितलं. तेल गेलं, तूपही गेलं. लहान पायरीबद्दलही हाच हलगर्जीपणा: शुक्रवारच्या खेळात बक्षीस म्हणून मिळणारं, खेळता येण्याजोगं फॉइल (चकाकतं) कार्ड २०१७ मध्ये काढून त्याजागी टोकन (डेकमध्ये न घालता येणारं कार्ड) दिलं, आणि ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी निर्णय फिरवला. एवढ्याशा कार्डासाठी दूरच्या उपनगरातून लोक येतात, हे ठरवणाऱ्यांच्या लक्षातच आलं नसावं.

महामारीने स्टँडर्ड मारलं, असं म्हणणाऱ्यांना आता तारखाच उत्तर देतील. दुकानातला खेळ मार्च २०२० मध्ये बंद झाला. त्याआधीच पायरी गेली होती, ओको येऊन गेला होता, मांजराला तीन वर्षं झाली होती. महामारीने टेबल बंद केलं. ते उघडल्यावर लोक परत का आले नाहीत, याचं कारण आधीच्या तीन वर्षांत आहे. बाकीचे प्रकार परत भरले, स्टँडर्ड भरलं नाही. एवढं एकच निरीक्षण या मुद्द्याला पुरेसं आहे.

'अरीना'चा प्रश्न थोडा वेगळा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये तिची खुली बीटा आली. फुकट सुरू करता येणारा, रात्री बारालाही जोडीदार मिळवून देणारा खेळ वाईट कसा म्हणावा? ज्या गावात दुसरा खेळाडूच नाही, तिथे तोच खेळ आहे. सरावासाठी तो उत्तम आहे. पण दोन गोष्टी घडल्या. पूर्वी नवा सेट आल्यावर महिना-दीड महिना मेटा, म्हणजे कोणते डेक चालतात ते, उलगडत जायचा. 'अरीना'वर इतके डाव होतात की तो आठवडाभरात सुटतो आणि पहिला शुक्रवार उजाडण्याआधी कोणता डेक जिंकणार ते ठरून जातं. दुसरी गोष्ट जास्त झोंबणारी. 'अरीना'वर तुमचं कार्ड बॅन झालं तर बदल्यात वाइल्डकार्ड मिळतं, म्हणजे तितक्याच दर्जाचं दुसरं कार्ड घेता येतं. कागदी कार्ड बॅन झालं तर काहीच मिळत नाही. एकाच कंपनीचे, एकाच खेळाचे, एकाच बॅनचे दोन ग्राहक. एकाला भरपाई, दुसऱ्याला रिकामे हात. मग १४ बॅनच्या वर्षात शहाण्या माणसाने स्टँडर्ड कुठे खेळावं? 'अरीना'ने खेळाडू पळवले म्हणण्यापेक्षा, कागदावर सगळी जोखीम ठेवून कंपनीनेच त्यांना तिकडे जायला लावलं, असं म्हणणं जास्त खरं आहे.

कमांडर खेळणाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मात्र आम्हाला अजिबात पटत नाही. शंभर कार्डं, साध्या लँड सोडल्या तर प्रत्येकाची एकच प्रत, चौघं जण, ४० आयुष्य, आणि रोटेशन नाही. घेतलेलं कार्ड दहा वर्षांनीही खेळता येतं. ज्यांना मुदतीच्या मालाचा भरवसा राहिला नाही ते बिनमुदतीच्या मालाकडे गेले. ते निर्वासित आहेत, त्यांना हल्लेखोर समजू नका. आज तुमच्या दुकानात कमांडरची चार टेबलं लागतात म्हणून दुकान उघडं आहे, आणि दुकान उघडं आहे म्हणून स्टँडर्डचं पाचवं टेबल लावायचा विचार तरी करता येतो.

साठेबाजांबद्दल थोडक्यात. जुन्या, पुन्हा न छापण्याचं वचन दिलेल्या कार्डांत त्यांचा हात मोठा आहे, वाद नाही. स्टँडर्डमध्ये मात्र सेट छापणं चालू असतं आणि किंमत ठरते ती वरच्या १२१ पॅकच्या हिशेबाने. तसंच ३०व्या वर्षानिमित्त नोव्हेंबर २०२२ मध्ये ९९९ डॉलरला विकलेल्या चार पॅकचं. ६० कार्डं, तीही स्पर्धेत न चालणारी. त्यावरचा राग रास्त आहे, आम्हालाही तो आहे. पण स्टँडर्डचं टेबल तोवर दोन वर्षं रिकामं होतं.

दुकानदाराची बाजू समजून घ्यायला हवी. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने पॅकची छापील सुचवलेली किंमत काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या शेवटी 'सीक्रेट लेअर' नावाचे कार्डांचे खास संच थेट ग्राहकाला विकायला सुरुवात केली. बॉक्सचे प्रकार वाढले: ड्राफ्टचा (जागेवरच पॅक फोडून डेक बांधण्याच्या खेळासाठीचा) ३६ पॅकचा, सेट बूस्टरचा (बूस्टर म्हणजे पॅकच) ३० चा, कलेक्टरचा १२ चा. पूर्वी एका सेटमागे एका प्रकारचा माल घ्यायचा, मग तीन. त्यातला कोणता पडून राहील ते आधी कळत नाही, आणि आपल्याकडे तर आयात करणाऱ्याकडे आगाऊ पैसे भरून माल धरावा लागतो. भांडवल अडकलं की तो शुक्रवारी सहा टेबलं, वीज आणि एक माणूस स्टँडर्डच्या पाच जणांसाठी का खर्च करेल? दुकानदाराची चूक एकच, आणि ती त्याला दाखवून दिली पाहिजे: रोटेशनच्या आधी सुटी कार्डं परत विकत घेणं बऱ्याच ठिकाणी बंद झालं. निम्म्या किमतीत का होईना, पण कार्ड परत जातं हे माहीत असेल तर नवा माणूस डेक घ्यायला धजावतो.

आणि आपण खेळाडू? आपलाही वाटा आहे. नवा मुलगा पहिल्यांदा स्वतः बांधलेला डेक घेऊन येतो आणि आपण त्याला जिंकणाऱ्या यादीच्या हुबेहूब डेकने दोन-शून्य हरवून पुढच्या फेरीच्या जोड्या बघायला उठतो. त्याच्या साइडबोर्डमध्ये काय चुकलं ते सांगायला पाच मिनिटंही बसत नाही. दोन फेऱ्या हरलो की तिसरी न खेळता निघून जातो, आणि आठांचं टेबल सहांवर येतं. अदलाबदलीत समोरच्याच्या कार्डाला जुना भाव आणि आपल्या कार्डाला आजचा भाव लावतो. हे कंपनीने शिकवलेलं नाही.

नंतरची दुरुस्ती नोंदवल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक ठरणार नाही. २०२२ मध्ये दुकानातल्या पात्रता फेऱ्या परत आल्या, फेब्रुवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियाला प्रो टूर त्याच नावाने परत आली. मे २०२३ मध्ये रोटेशन दोनाऐवजी तीन वर्षांचं झालं. फेब्रुवारी २०२४ पासून ड्राफ्ट आणि सेट बूस्टर एकत्र होऊन १४ कार्डांचा प्ले बूस्टर आला, म्हणजे दुकानदाराचा एक प्रकार कमी झाला. नोव्हेंबर २०२४ च्या 'फाउंडेशन्स' सेटला किमान २०२९ पर्यंत स्टँडर्डमध्ये राहण्याची हमी मिळाली. आम्ही जिला तारीख म्हणतो, ती इथे पहिल्यांदा पॅकवर छापल्यासारखी दिली गेली. ही आजवरची सगळ्यात शहाणी दुरुस्ती आहे आणि तिचं श्रेय देणाऱ्याला द्यायला हवं.

पण एका हाताने दिलं ते दुसऱ्याने काढून घ्यायला सुरुवात झालीये. २०२५ मध्ये स्टँडर्डमध्ये सहा सेट आले, त्यातले 'फायनल फँटसी', 'स्पायडर-मॅन' आणि 'अवतार' हे तीन बाहेरच्या विश्वांतले. आपल्यातला सगळा वाद स्पायडर-मॅनने मॅजिकमध्ये यावं की नाही यावर पेटलाय. आमच्या मते हा प्रश्न दुय्यम. तीन वर्षांची मुदत आणि वर्षाला सहा सेट यांचा गुणाकार केलात तर डझनापेक्षा कितीतरी जास्त सेट एकाच वेळी चालू राहतात, आणि दर दोन महिन्यांनी नवा सेट कालच्या डेकला जुना करतो. मुदत कागदावर तीन वर्षांची, व्यवहारात दोन महिन्यांची. इतक्या सेटमधल्या कार्डांच्या जोड्या कोणताही चमू तपासून पुरा पडणार नाही, आणि ३० जून २०२५ ला स्टँडर्डमधून एकदम सात कार्डं बॅन झाली ती त्यामुळेच. म्हणून कंपनीकडे मागायचंच असेल तर तीन गोष्टी मागा: स्टँडर्डमध्ये वर्षाला चार सेट, बॅनच्या तारखा वर्षभर आधी जाहीर आणि मध्ये पुरवणी नाही, आणि बॅन झालेल्या कागदी कार्डाच्या बदल्यात दुकानातून काहीतरी, निदान पुढच्या ड्राफ्टमधली जागा.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या गावातलं टेबल आपल्याला लावता येतं, आणि त्यासाठी काय करावं ते खाली लिहितो.

स्टँडर्ड गोठवा. 'फाउंडेशन्स' आणि तुमच्या गटाकडे सगळ्यात जास्त असलेले तीन सेट निवडा आणि वर्षभर तेच ठेवा. नवा सेट आला तर सहा महिन्यांनी एकदा बसून ठरवा. डेकमध्ये रेअर आणि मिथिक मिळून आठच कार्डं, ही मर्यादा घाला. मग खर्च कॉमन-अनकॉमनवर येतो आणि त्या दोन बॉक्समध्ये आठ जणांना पुरतात. सुरुवातीला एकरंगी डेक बांधा: लाल असेल तर २२ लँड (माना देणारी कार्डं), २६ प्राणी, १२ जाळपोळीची (थेट इजा करणारी) कार्डं. निळा किंवा काळा हळू चालणारा असेल तर २५ लँड. नवे लोक २० लँड घेऊन येतात, दोन लँडवर अडकतात आणि खेळच वाईट म्हणून सोडतात. ही चूक पहिल्याच दिवशी पकडा. छापून आणलेली सरावाची कार्डं घरच्या टेबलावर चालतील, पण दुकानाच्या अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत आणि दुकानदाराला त्यासाठी अडचणीत आणू नका.

एक सामायिक पेटी ठेवा. प्रवेश शुल्कातून दर आठवड्याला एक पॅक पेटीत. एखादं कार्ड सगळ्यांना नकोसं झालं तर आधी चार आठवडे त्याची एकच प्रत चालवून बघा. तरीही जड गेलं तर बॅन करा आणि मालकाला पेटीतून तितक्याच दर्जाची कार्डं त्याच संध्याकाळी द्या. वर ज्या भरपाईची मागणी केली, ती आपण आपल्यात तरी पाळू शकतो.

पावसाळ्यात फॉइल कार्डं डेकमध्ये घालू नका. फॉइलचा वरचा थर प्लॅस्टिकसारखा, आतला कागद. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कागद ओलावा शोषून फुगतो, वरचा थर फुगत नाही, आणि कार्ड वाकतं. वाकलेलं कार्ड गड्डीत न बघता ओळखू येतं, म्हणून स्पर्धेत ते खूण केलेलं धरलं जाऊ शकतं. साधी प्रत खेळा, फॉइल घरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या दर काही आठवड्यांनी बदला. पुडी भिजली की ती काहीच करत नाही.

वेळेचं गणित आधी मांडा. फेरी ५० मिनिटांची, वेळ संपल्यावर पाच टर्न, दोन फेऱ्यांमध्ये दहा मिनिटं. आठ जणांना तीन फेऱ्या पुरतात. सातला सुरू केलं तर सव्वादहाच्या आत सगळे मोकळे आणि लांब राहणाऱ्यांची गाडी चुकत नाही. जिंकल्याला ३ गुण, बरोबरीला १. बक्षीस पहिल्यालाच सगळं देऊ नका. प्रत्येक जिंकलेल्या फेरीमागे एक पॅक ठेवलात तर दोन हरलेला माणूसही तिसरी फेरी खेळायला थांबतो.

आठ न जमले तरी रात्र रद्द करू नका, कारण एकदा रद्द केलेला शुक्रवार पुढच्या आठवड्याला आणखी दोघं कमी करतो. सहा आले तर त्याच तीन फेऱ्या घ्या. पाच आले तर एकाला फेरीपुरती सुट्टी द्या, ती प्रत्येक फेरीत वेगळ्याला, आणि बाहेर बसलेल्याने नव्या माणसाचा डेक बघून द्यावा. चारच आले तर उलट चांगलं: तीन फेऱ्यांत प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो.

आपलेच,
स्टँडर्डच्या टेबलावरचे काही जुने खेळाडू